कोयनेकाठचा मुक्काम

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. "ब्लॉग बंद केलास का?" असं दोघा-तिघांनी विचारलं, आणि आत्याने तर फोनवर चक्क दम दिला. तेव्हा आज सवड काढून बसलोच आहे. विषय मे महिन्यात आम्ही केलेल्या कॅम्पिंगचा आहे, पण लिहिता लिहिता गाडी इतिहासात जाणार हे जुन्या वाचकांना ठाऊक आहेच. कंटाळा आला तर मधले परिच्छेद गाळा, शेवट मात्र वाचा. तिथे नातेवाईक मंडळींसाठी एक काम आहे.

तर झालं असं. माझ्या आतेभावाने बामणोलीच्या अलीकडे, शिवसागर जलाशयाच्या काठावर तंबू टाकलेत. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याचे लोक येतात, राहतात, जातात. त्याने व्हॉट्सॲपवर दरपत्रक पाठवलं होतं. त्यात तीन प्रकार होते: पलंग आणि पंख्याचा तंबू सगळ्यात महाग, साधा तंबू त्याहून स्वस्त, आणि शेवटी "प्रिमिटिव्ह कॅम्पिंग". यात वीज नाही, पलंग नाही. तीन दगडांची चूल, आपलं जेवण आपण रांधायचं, झोपायला सतरंजी. आप्पांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी) चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे प्रिमिटिव्ह म्हणजे काय रे?"

म्हटलं, "जुन्या पद्धतीचं. पूर्वी माणसं राहायची तसं."

"याचे पैसे घेतो तो?"

"हो."

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला पण ने."

आप्पांचं वय आता पंचाहत्तरच्या घरात. पंधरा-सोळाव्या वर्षी ते मुंबईत आले, मशीद बंदरला माथाडी म्हणून पाठीवर पोती वाहिली. निवृत्त झाल्यावरही गावी गेले ते लग्नाकार्यापुरते, आणि तेही वरच्या गावात. पाण्याच्या काठावर ते कधी थांबले नाहीत. लाँचमध्ये बसले तरी नजर समोरच्या डोंगरावर. याचं कारण मला बरंच उशिरा कळलं. आमचं मूळ गाव त्या पाण्याखाली आहे.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. बामणोली-तापोळ्याला जाऊन "लेक" बघून येणाऱ्या आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे लक्षातच येत नाही की तिथे तळं कधीच नव्हतं. तिथे नदी होती. महाबळेश्वरात उगम पावणारी कोयना जावळीच्या खोऱ्यातून दक्षिणेला वाहायची, वाटेत तापोळ्याजवळ सोळशी तिला मिळायची, आणि पुढे कराडला प्रीतिसंगमावर ती कृष्णेला भेटायची. नदीकाठी भातखाचरं, वर डोंगरउतारावर नाचणी आणि वरी, त्याच्या वर जंगल, आणि जंगलाच्या कडेला गवळी-धनगरांचे वाडे. सह्याद्रीत लोणावळ्यापासून खाली ज्या ज्या पाण्याकाठी आपण तंबू ठोकतो, पवना घ्या, मुळशी घ्या, तिकडे वर भंडारदरा घ्या, ती जवळपास सगळी धरणं आहेत. आपल्याकडे तळ्याकाठचं कॅम्पिंग म्हणजे धरणाकाठचं कॅम्पिंग. यात वाईट काही नाही, पण माहीत असलेलं बरं.

आता कॅम्पिंगचंच म्हणाल तर कोयनेच्या खोऱ्याला तंबू नवीन नाहीत. १६५६ साली शिवाजी महाराजांनी मोऱ्यांकडून जावळी घेतली आणि १६५९ मध्ये अफजलखान प्रतापगडाच्या पायथ्याशी पार गावाजवळ तळ देऊन बसला. तेही कोयनेचंच खोरं. त्या छावणीचं पुढे काय झालं ते शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. आपल्या भाषेतले यासाठीचे शब्द बघा: तळ, छावणी, मुक्काम, डेरा, राहुटी, कनात. यातला बहुतेक प्रत्येक शब्द लष्कराचा, नाहीतर सरकारी फिरतीचा. धनगर मेंढरं घेऊन रानात राहतो त्यालाही आपण "बसलाय" म्हणतो, मजेला गेलाय असं म्हणत नाही. गंमत म्हणून उघड्यावर झोपायला जाणं, यासाठी मराठीत जुना शब्द सापडत नाही. मी तरी शोधून थकलो. म्हणून आपण सरळ "कॅम्पिंग" म्हणतो.

ही गंमत आली कुठून? माझा अंदाज असा की जिथे माणसं आधी शहरात कोंडली गेली तिथून. इंग्लंडात १९०१ साली सायकलवर तंबू लादून फिरणाऱ्या हौशी लोकांनी आपली संघटना काढली. १९०७ मध्ये बेडन-पॉवेलने ब्राउन्सी बेटावर पोरांचं शिबिर भरवलं, त्यातून स्काउट चळवळ उभी राहिली, आणि ती दोन-तीन वर्षांतच हिंदुस्थानात पोचली. शाळेत खाकी चड्डी घालून शेकोटीभोवती गाणी म्हटलेल्या आपल्या पिढीला तो वारसा माहीत आहे. पुढे १९४९ मध्ये आपल्याकडे युथ हॉस्टेल्स असोसिएशन सुरू झाली, आणि मुंबई-पुण्यात गिरिभ्रमणाची मंडळं निघाली. पाठीवर सॅक, हातात काठी, आणि लाल डब्यातून रात्रभर प्रवास. ज्याच्या घरी बटण दाबलं की दिवा लागतो त्यालाच चूल पेटवण्याची हौस असते. आमच्या आजीला चूल पेटवायची हौस होती असं मला कधी दिसलं नाही. तिला धुरापायी मोतीबिंदू झाला असं ती म्हणायची.

आणि तो बटणाचा दिवा ज्या विजेवर लागतो, त्यातली पुष्कळशी वीज याच पाण्यातून आली. कोयना प्रकल्पाचं काम पन्नाशीच्या दशकात सुरू झालं. हेळवाकजवळ १०३ मीटर उंचीचं धरण बांधलं गेलं आणि साठीच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी अडलं. मागे पन्नासेक किलोमीटर लांबीचा जलाशय पसरला. मूळ साठा ९८.७८ टीएमसी, नंतर उंची वाढवून १०५.२५ टीएमसी. युक्ती अशी की हे पाणी नदीच्या वाटेने पूर्वेला न सोडता डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला, कोकणाकडे न्यायचं. सह्याद्रीचा कडा हाच उतार. पोफळीला ते साडेचारशे मीटरहून जास्त खाली कोसळतं आणि जनित्रं फिरवतं, मग वाशिष्ठीतून चिपळूणमार्गे समुद्राला जातं. आज सगळे टप्पे मिळून क्षमता १,९६० मेगावॅट आहे. महाराष्ट्राचे कारखाने या पाण्यावर उभे राहिले असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. मी स्वतः त्यातल्याच एका कारखान्याच्या पगारावर शिकलो (काकांची नोकरी), तेव्हा धरण नको होतं असं म्हणायचा मला अधिकार नाही, आणि तसं मला वाटतही नाही.

पण शंभराच्या आसपास गावं उठली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा झाला १९७६ साली. म्हणजे धरण आधी, कायदा नंतर. मधली पंधरा वर्षं ज्याला जे मिळालं ते मिळालं. कुणाला ठाणे-कुलाब्याकडे, कुणाला सोलापूर भागात जमीन दाखवली. आमच्या आजोबांना सोलापूरकडची मिळाली. ज्याने आयुष्यभर गुडघाभर चिखलात भात लावला, त्याला सपाट, कोरड्या माळावर उभं केलं. आप्पा सांगतात, "आजा तिथं रोज संध्याकाळी घराभायेर बसायचा आन म्हणायचा, हितं डोंगरच न्हाई, नजर टेकवायची कुठं?" दोन वर्षांत ते सगळं सोडून परत आले आणि पाण्याच्या वर, डोंगराच्या उतारावर, पुन्हा घर बांधलं. तसे बरेच जण परत आले. यालाच आज आपण "वरचं गाव" म्हणतो.

परत आले ते भूकंपाला सापडले. ११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारच्या सुमारास. तीव्रता सहाच्या वर होती, दीडशेहून जास्त माणसं गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झालं. जलाशयातल्या पाण्यामुळे भूकंप झाला का, यावर जगभरच्या शास्त्रज्ञांनी अभ्यास केला आणि कोयना हे त्याचं ठळक उदाहरण मानलं जातं. आमच्या घराची एक भिंत पडली, माणसं वाचली. आप्पा तेव्हा मुंबईत होते. गिरगावातल्या खोलीतही भांडी हलली म्हणतात.

यानंतर खोरं हळूहळू रिकामं होत गेलं. शेत पाण्यात, रस्ता नाही, तरुण पोरं मुंबईला. पलीकडच्या काठावर जंगल वाढलं. १९८५ साली कोयना अभयारण्य झालं, २०१० मध्ये ते चांदोली राष्ट्रीय उद्यानाबरोबर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं, २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचं नाव लागलं. अभयारण्यातली काही गावं बाहेर हलवली गेली. वासोट्याला जाताना लाँच जिथे लागते ते मेट इंदवली बघा. "मेट" म्हणजे किल्ल्याच्या वाटेवरची पहाऱ्याची वस्ती. १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवून किल्ला घेतला, तेव्हाही खाली माणसं राहत होती. आज तिथे वनखात्याची चौकी आहे, आणि झाडीत घरांची जोती. चौकीवर सॅक तपासून प्लास्टिकच्या वस्तू मोजतात, अनामत घेतात, आणि परत येताना त्या दाखवाव्या लागतात. ही पद्धत मला फार आवडते. रात्री गडावर राहायला आता परवानगी नाही. पूर्वी आम्ही कॉलेजात असताना नागेश्वरच्या गुहेत झोपलोय, ते दिवस गेले. वाघाला रात्र मोकळी मिळत असेल तर माझी तक्रार नाही.

मला सांगायचं आहे ते हे. बामणोलीच्या काठावर उभं राहिलं की समोर निळं पाणी, हिरवा डोंगर, एकही दिवा नाही, आणि आपल्या तोंडून आपोआप निघतं, "काय अस्पर्श जागा आहे!" मीही हे लिहिलंय, याच ब्लॉगवर, बऱ्याच वर्षांपूर्वी. ती नोंद मी काढली नाही, असू दे. पण ती जागा अस्पर्श नाही. ती रिकामी केलेली आहे. एकदा पाण्यासाठी आणि दुसऱ्यांदा जंगलासाठी. दोन्ही कारणं चांगली असतील. पण आपण ज्या शांततेचे पैसे मोजतो ती शांतता साठ-पासष्ट वर्षांपूर्वी तिथे नव्हती. तिथे कुत्री भुंकत होती, जाती घरघरत होती, शिमग्याला ढोल वाजत होता.

असो. कॅम्पिंगला येतो.

आम्ही सहा जण होतो. मी, बायको, बहीण, तिची दोन मुलं आणि आप्पा. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली. तंबू लावायला मुलांनी तासभर घेतला. चुलीचे दगड मात्र आप्पांनी कुणाला लावू दिले नाहीत. वाऱ्याची दिशा बघून दोन मिनिटांत मांडले. भाकरी बहिणीने केल्या, पिठलं मी केलं (थोडं लागलं, पण चालायचंच). शेजारच्या तंबूतल्या मुलांनी स्पीकर लावला होता. आप्पा म्हणाले, "एवढा आवाज आमच्या शिमग्याला पण नव्हता." आतेभावाने जाऊन सांगितल्यावर त्यांनी बिचाऱ्यांनी लगेच बंद केला.

जेवताना धाकट्या भाच्याने विचारलं, "आजोबा, तुम्ही लहान असताना कॅम्पिंगला जायचात का?"

आप्पा हसले. "आम्ही कॅम्पिंगमधेच राह्यचो बाळा. घरी जायचंच न्हाई कधी."

रात्री ते तंबूत झोपले नाहीत. गुदमरतं म्हणाले. बाहेर सतरंजी टाकली, वर वाकळ घेतली.

सकाळी उठलो तर आप्पा जागेवर नव्हते. मे महिन्यात पाणी बरंच खाली उतरतं आणि उघडी पडलेली जमीन दिसू लागते. पाणी उतरेल तशी त्या गाळावर काही लोक पिकंही घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. आप्पा तिथे खाली चिखलाच्या कडेने चालत होते. मी धावत गेलो. ते एका दगडी बांधावर उभे होते. लाटांनी वरची माती धुऊन नेली होती, दगडाची रांग मात्र जशीच्या तशी. त्याच्या खाली दुसरा बांध, त्याच्या खाली तिसरा, पायऱ्यांसारखे पाण्यात उतरत गेलेले.

"आपलं?" मी विचारलं.

"न्हाई. आपलं अजून खाली. पलीकडं. हे कुणाचं ते सांगता येईल." आणि मग ते बोटाने दाखवत नावं सांगू लागले. वडाचं शेत. खालची पट्टी. देवाची दुरडी. मधेच थांबायचे, चुकलं म्हणायचे, परत पहिल्यापासून. भाचा मागून आला होता, त्याने फोनवर सगळं टिपून घेतलं. रडारड वगैरे काही झाली नाही. आप्पांना भूक लागली होती, आम्ही चहा प्यायला वर आलो.

चहा पिताना मी आतेभावाला जरा भावुक होऊन म्हटलं, की तू या जमिनीवर तंबू टाकतोस, पर्यटकांना निदान सांगत तरी जा खाली काय आहे ते. तो भडकलाच. म्हणाला, "दादा, तू मुंबईला बसून गाव आठवतोस. माझा भाऊ दहा वर्षं नवी मुंबईत हमाली करत होता, तो या तंबूंमुळे परत आला. त्याची पोरं इथल्या शाळेत जातात. आमच्या आज्याला या पाण्यानं उठवलं, आता त्याच पाण्याच्या जिवावर आम्ही बसलोय. सांगायचं तर सांगू की. पण रडून कोण सांगणार? लोक सुट्टीला येतात."

मला यावर उत्तर सुचलं नाही. त्याचं म्हणणं खोटं नाही. २०२४ साली मुनावळ्याला सरकारी जलपर्यटन केंद्र सुरू झालंय, "नवीन महाबळेश्वर" प्रकल्पाचा २३५ गावांचा आराखडाही त्याच वर्षी पुढे आला. म्हणजे या काठावर आणखी माणसं येणार, आणखी बांधकाम येणार. खोरं दोनदा रिकामं झालं, आता ते भरायची वेळ आली आहे. ते आतेभावासारख्यांनी भरायचं की बाहेरून जमिनी घेणाऱ्यांनी, हा खरा प्रश्न आहे, आणि तो माझ्या हळवेपणाने सुटणारा नाही.

आप्पा मात्र शांतपणे ऐकत होते. ते भाच्याकडे वळून म्हणाले, "त्या पोराला नावं लिहून दे. पाटीवर लाव म्हणावं. वडाचं शेत तंबू, खालची पट्टी तंबू. हे एक, दोन, तीन नंबर कशाला?"

आतेभावाला ते पटलं. आता त्याच्या तंबूंना आकडे नाहीत, शेतांची नावं आहेत. लोक विचारतात, मग तो सांगतो. रडत नाही, नुसता सांगतो.

आता नातेवाईकांसाठीचं काम. आप्पांना अकरा नावं आठवली. शेतं याहून नक्कीच जास्त होती. सोलापूरकडे आणि ठाण्याकडे गेलेल्या घरांत कुणी म्हातारं माणूस असेल तर कृपया बसवून विचारा: शेताचं नाव, कुणाचं होतं, नदीच्या कुठल्या अंगाला. मला कळवा किंवा आत्याकडे लिहून द्या. घाई करा. पुढच्या मे महिन्यात पाणी उतरेल तेव्हा आप्पांना घेऊन परत जायचं ठरलंय. या वेळी सतरंजी घरचीच नेणार, आतेभावाने भाड्याचे पैसे घेतले तरी बेहत्तर!